ऑशकॉशला जायचंय? रविवारीच पोहोचा
पंखांचं जग : भाग ११

मागच्या भागात कंट्रोल टॉवर आणि वैमानिक यांच्या बोलण्यातली शिस्त पाहिली. वैमानिकाने विचारायचं, टॉवरने परवानगी द्यायची, वैमानिकाने ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. या आठवड्यात अशा ठिकाणी जाऊ, जिथे वर्षातले काही दिवस वैमानिकाला चक्क सांगतात, की तोंड उघडू नकोस, नुसते पंख हलव.

ठिकाणाचं नाव ऑशकॉश. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, विनेबागो तळ्याच्या काठी वसलेलं मध्यम आकाराचं गाव. शिकागोहून मोटारीने तीन तास, मिलवॉकीहून दीड तास. रेल्वेने जायचा विचार सोडून द्या, प्रवासी गाडी तिथे जातच नाही. शिकागो-मिलवॉकीच्या पट्ट्यात लेकी-मुलं असलेली मराठी घरं आता पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात तिकडे गेलेले आई-वडील नायगारा वगैरे उरकून जुलैत जरा रिकामे असतात, आणि नेमका जुलैच्या उत्तरार्धातच ऑशकॉशचा विमानमेळा भरतो. म्हणून हा भाग थोडा व्यवहाराच्या अंगाने लिहितो आहे.

मेळ्याचं अधिकृत नाव ‘एअरव्हेंचर’. पण विमानवेड्यांच्या तोंडी नुसतं ‘ऑशकॉश’ असतं. भरवते ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था. पॉल पोबेरेझ्नी नावाच्या वैमानिकाने ती १९५३ मध्ये मिलवॉकीत सुरू केली, घरच्या घरी विमान बांधणाऱ्या मोजक्या खटपट्या मंडळींसाठी. पुढे १९५५ मध्ये त्याने एका लोकप्रिय मासिकात, इंजिनासकट ८०० डॉलरच्या आत विमान कसं बांधायचं यावर लेख लिहिले आणि सभासदांची रीघ लागली. १९७० पासून मेळा ऑशकॉशला भरतो. २०२५ मध्ये सुमारे ७ लाख ४ हजार लोक आले, आणि आसपासचे विमानतळ धरून दहा हजारांवर विमानं.

पहिल्यांदा जाणारा माणूस कार्यक्रमपत्रिका उघडतो आणि दुपारच्या हवाई कसरती कधी ते बघतो. त्या रोज असतात. बुधवारी आणि शनिवारी रात्रीही असतात, आतषबाजीसह. जरूर बघा. पण फक्त त्यासाठी इतक्या लांब जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. धूर सोडत गिरक्या घेणारी विमानं बंगळूरच्या एरो इंडियातही दिसतात. ऑशकॉशला जे आहे ते दुसरीकडे नाही, आणि त्यातला पहिला ऐवज उद्घाटनाच्या आधीच घडतो.

मेळा सोमवारी सुरू होतो. विमानं मात्र शनिवार-रविवारपासून लोटतात. त्या दिवसांत ऑशकॉशच्या विटमन विमानतळाचा टॉवर जगातला सर्वात गजबजलेला असतो. एरवीच्या पद्धतीने प्रत्येकाशी बोलत बसलं तर रांग संपायचीच नाही. म्हणून मेळ्यापुरती वेगळी रीत आहे आणि ती दरवर्षी पुस्तिकेसारखी छापून जाहीर होते. छोट्या विमानांनी रिपन नावाच्या गावावर यायचं. तिथून रेल्वेचे रूळ धरून, एकामागे एक, अर्धा मैल अंतर राखत फिस्क या खेड्याकडे निघायचं. वेग ९० नॉट, म्हणजे ताशी साधारण १६७ किलोमीटर. उंची समुद्रसपाटीपासून १,८०० फूट, म्हणजे जमिनीपासून जेमतेम हजार. ज्यांना इतकं हळू उडता येत नाही त्यांनी पाचशे फूट वरून, १३५ नॉटने. पुढच्याला ओलांडायचं नाही. जमत नसेल तर रांग सोडून पुन्हा रिपनपासून सुरुवात.

फिस्कला टॉवर नाही. तिथे जमिनीवरच, गुलाबी टी-शर्ट घातलेले कंट्रोलर दुर्बिणी घेऊन वर बघत असतात. विमानाची नोंदणीची अक्षरं वाचायला वेळ नाही, म्हणून रंग-रूपावरून हाक मारतात: निळं-पांढरं, पंख वर असलेलं, पंख हलव. वैमानिक पंख डावी-उजवीकडे कलवतो. म्हणजे ऐकू आलं, कळलं. मग कुठल्या धावपट्टीकडे वळायचं ते सांगतात. धावपट्टीवर मोठमोठे रंगीत ठिपके रंगवलेले असतात. एकाला सांगितलं जातं हिरव्या ठिपक्यावर टेक, त्याच्यामागच्याला नारिंगीवर. म्हणजे एकाच पट्टीवर एका वेळी दोन-तीन विमानं, पुढे-मागे. एरवी असं काही झालं तर चौकशी लागेल. उतरलं की वैमानिक काचेला एक कागद लावतो, त्यावर कुठे थांबायचं त्याची अक्षरं. ती वाचून स्वयंसेवक हातवारे करत त्याला गवतात नेऊन सोडतात. पुष्कळ वैमानिक तिथेच विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकतात आणि आठवडाभर राहतात.

हे बघायचं असेल तर रविवारी दुपारपर्यंत पोहोचा. जमल्यास विमानांचं बोलणं ऐकू येणारा छोटा रेडिओ जवळ ठेवा. फिस्कचा कंट्रोलर वर्षानुवर्षं १२०.७ मेगाहर्ट्झवर बोलत आला आहे. तरी त्या वर्षीची पुस्तिका चाळून घ्या. कानात फिस्कचा आवाज आणि डोळ्यांसमोर त्याच विमानाची उतरण असली, की मागच्या दहा भागांत आपण जे कागदावर शिकलो ते झपाझप जुळत जातं. शनिवारी आलात तर आणखी एक गोष्ट: बोनान्झा जातीच्या विमानांचे मालक रॉकफर्डहून एकत्र निघतात आणि तीन-तीनच्या जथ्यांनी एकामागोमाग उतरतात. १९९० पासून ही प्रथा चालू आहे.

राहायची सोय हा कटकटीचा भाग. गावातली हॉटेलं लवकर भरतात आणि त्या आठवड्यात त्यांचे भाव विचारू नयेत. विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या खोल्या मिळतात, साध्या पण पुरेशा. अ‍ॅपलटन किंवा फॉन ड्यू लॅकला मुक्काम करून रोज ये-जा करता येते. पार्किंगच्या रांगेचा वेळ मात्र हिशेबात धरा. तंबूची सवय असेल तर मैदानालगतचा ‘कॅम्प शोलर’ सर्वात उत्तम. त्यासाठी संस्थेचं सभासदत्व लागतं, तेही घेता येतं. बरोबर शाळकरी नातवंडं असतील तर गेली काही वर्षं १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत आहे. निघण्यापूर्वी त्या वर्षीचा नियम संस्थेकडून पाहून घ्यावा.

आता आतला भूगोल. मुख्य धावपट्टी दक्षिणोत्तर आहे आणि प्रेक्षक तिच्या पश्चिमेला. यातून फोटोवाल्यांना सरळ हिशेब मिळतो: दुपारनंतर ऊन पाठीमागे असतं, विमानं छान उजळलेली दिसतात, सकाळी सूर्य समोर, तेव्हा धावपट्टीकडे कॅमेरा रोखण्यात अर्थ नाही. मधोमध ‘बोइंग प्लाझा’, तिथे मोठी विमानं उभी करतात आणि आठवड्यात ती बदलत राहतात. उत्तरेला दुसऱ्या महायुद्धातली आणि नंतरची लढाऊ विमानं. दक्षिणेला जुनी, जपलेली विमानं आणि अगदी टोकाला हलकीफुलकी अल्ट्रालाइट. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलात तर अर्धा दिवस आणि दोन्ही पाय तिथेच जातील. ट्रॅक्टरने ओढलेल्या डब्यांच्या मोफत ट्राम फिरतात, त्यात लाज न बाळगता बसा.

पहिल्या भेटीत सगळं बघायचा हट्ट धरू नये. एक पूर्ण सकाळ मात्र घरी बांधलेल्या विमानांसाठी, ‘होमबिल्ट’साठी, राखून ठेवा. गवतात ओळीने उभी असतात. बरीचशी व्हॅन्स कंपनीच्या ‘आरव्ही’ संचातून बांधलेली. या कुळातली अकरा हजारांहून जास्त विमानं आजवर उडाली आहेत. मध्येच एखादं शेपूट पुढे आणि इंजिन मागे असलेलं, बर्ट रुटान या अभियंत्याच्या डोक्यातून निघालेलं. त्याच्याच ‘व्हॉएजर’मधून त्याचा भाऊ डिक आणि जीना येगर यांनी १९८६ मध्ये कुठेही न उतरता, वाटेत इंधन न घेता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली होती.

विमानाशेजारी घडीच्या खुर्चीत मालक बसलेला असतो. हात लावायचा नाही, एवढं पाळा. विचारायला हरकत नाही. उलट त्यासाठीच तो बसलेला असतो. “किती वर्षं लागली?” असं विचारा आणि मग ऐकत राहा. तो पंखावरच्या रिव्हेटच्या रांगा दाखवेल. एका विमानात अशा हजारो. रिव्हेट मारताना बाहेरून एकजण हवेच्या दाबावर चालणारी गन धरतो आणि आतून दुसऱ्याने पोलादाचा ठोकळा दाबून धरायचा असतो. ठोकळा किंचित तिरपा झाला तर डोकं वाकडं बसतं, मग ती रिव्हेट ड्रिलने काढून पुन्हा. हा दुसरा माणूस बहुधा बायको, नवरा किंवा शेजारी असतो, आणि गप्पा खऱ्या रंगतात त्या त्याच्याशी. जवळच कार्यशाळांचे तंबू आहेत. पत्रा, लाकूड, कापड, वेल्डिंग असे वेगवेगळे. तिथे स्वत: रिव्हेट मारून बघता येते. मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी विमान बांधलं, ते २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात मांडलं आणि त्याची नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं, हे आपण वर्तमानपत्रात वाचलेलं असतं. त्या खटाटोपाचं माप या तंबूत दोन रिव्हेट मारल्यावर कळतं.

बाकी तयारी साधी. टोपी, पाण्याची बाटली, चालून मुरलेले बूट. नवे बूट घालून गेलात तर मंगळवारी पश्चात्ताप कराल. सावली कमी, म्हणून भर दुपारी प्रदर्शनाच्या हँगरमध्ये शिरा. शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत, पण चीज आणि मक्याच्या कणसावर आठवडा काढायची तयारी नसेल तर दशम्या-चिवडा बांधून घ्या. वादळी पाऊस येऊ शकतो. २०१० मध्ये इतका पडला की गवतावर विमानं उभी करायलाच जागा उरली नाही. ड्रोन नेऊ नका.

एखादा दिवस जास्तीचा असेल तर बसने तळ्याकाठच्या ‘सीप्लेन बेस’ला जाऊन या. पाण्यावर उतरणारी विमानं झाडांच्या आडोशाला बांधलेली असतात आणि गर्दी मुख्य मैदानाच्या मानाने काहीच नसते.

होमबिल्टवाल्या मालकाशी बोलताना ‘एक्कावन्न टक्के’ हे शब्द वारंवार कानावर पडतील. विमानाचा अर्ध्याहून जास्त भाग हौशी माणसाने स्वत: बांधला तरच अमेरिकेत ते या वर्गात धरतात. हा नियम मोजतात कसा आणि त्यातून पळवाटा कशा काढतात, ते पुढच्या आठवड्यात.