वैशाखवणवा आणि दारची झाडे

चैत्रपालवीचे कौतुक ओसरते न ओसरते तोच आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात वैशाखवणवा पेट घेतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारच्या झळांनी कोवळे शेंडे करपू लागतात. वास्तविक हा जिल्हा पावसाला पारखा नाही. वर्षाकाठी येथे हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. परंतु तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. पुढील आठ महिने झाडाला जमिनीतील ओलीवर कंठावे लागतात, आणि एप्रिल उजाडेपर्यंत ही शिल्लक संपत आलेली असते.

वृक्षारोपणाचा उत्साह आपल्याकडे नवा नाही. कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० साली वनमहोत्सवाचा पायंडा पाडला. जुलै २०१५ मध्ये तेलंगण शासनाने ‘हरितहारम्’ योजना हाती घेतली, आणि २०१८ च्या पंचायत राज कायद्याने लावलेल्या रोपांपैकी ८५ टक्के रोपे जगविण्याची जबाबदारी गावकारभाऱ्यांवर टाकली. हेतू स्तुत्यच, परंतु कायदा आळ्यात पाणी घालीत नाही. जुलैत लावलेल्या रोपाची खरी परीक्षा पुढल्या मे महिन्यात होते.

शाळांच्या आवारात तर ही परीक्षा फारच कठोर असते. शाळा सुरू असताना मध्यान्ह भोजनानंतर मुलांनी हात धुतलेले पाणी पन्हळीवाटे झाडांना मिळते; मधल्या सुट्टीत कोणी तांब्याभर पाणी ओतते. एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात सुट्टी लागली की हा ओघ एकदम थांबतो, तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. ज्या सात आठवड्यांत पाण्याची गरज सर्वाधिक, नेमक्या त्याच काळात झाडे पोरकी होतात. मुलांना घेऊन आजोळी जाणाऱ्या कुटुंबांच्या अंगणातही हेच घडते. म्हणून तयारी सुट्टीपूर्वीच केली पाहिजे.

प्रथम जमिनीचा विचार करू. आपली काळी माती वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. भेग पडताना बारीक मुळे तुटतात. शिवाय आत ऊन शिरून खोलवरची ओलही उडून जाते. अशा जमिनीत ओतलेले पाणी भेगेतून थेट खाली निघून जाते, मुळांना त्याचा लाभ होत नाही. यास्तव पाणी देण्यापूर्वी खुरप्याने वरवरची दोन बोटे माती भुसभुशीत करून भेगा बुजवाव्यात. त्यावर पालापाचोळा, सोयाबीनचे कुटार किंवा बारीक केलेल्या पऱ्हाट्या यांचा तीन-चार इंच थर द्यावा. बुंध्याभोवती मात्र वीतभर जागा मोकळी ठेवावी. वाळवीचा उपद्रव असल्यास मातीत थोडी निंबोळी पेंड मिसळावी.

पाणी पहाटे किंवा सूर्यास्तानंतर द्यावे. रोज शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी भरपूर दिलेले पाणी हितावह, कारण रोजच्या शिंपणाने मुळे वरच राहतात आणि उन्हात होरपळतात. मोठ्या झाडाची अन्न शोषणारी मुळे बुंध्याशी नसून फांद्यांच्या घेराखाली असतात. आळे तेथेच हवे. लिंबू-मोसंबीला दुहेरी आळे करावे, म्हणजे बुंध्याला पाणी न लागता डिंक्या रोग टळतो. दुपारी पाने मलूल दिसली म्हणून घाई करू नये. संध्याकाळी ती सावरली तर झाड तहानलेले नाही. सकाळीही मान टाकलेली असेल तर मात्र विलंब नको.

घर वा शाळा बंद राहणार असेल तर मडक्याचा उपाय उत्तम. चीनमधील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कृषिग्रंथातही तो सांगितला आहे. रंग वा तेल न लावलेले भाजके मडके रोपापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरून वर झाकण ठेवावे. भोवतालची माती कोरडी पडेल तसे पाणी मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरते. माती ओली असेल तर पाझर मंदावतो. रोज फेरी मारणाऱ्याचे काम त्यामुळे आठवड्यातून एक-दोन वेळांवर येते. शेजारच्या मराठी वा तेलुगू कुटुंबाला तेवढी विनंती करण्यास संकोच नसावा. शाळेजवळ राहणाऱ्या मुलांना प्रत्येकी दोन झाडे नेमून दिली, तर ती हे काम आनंदाने करतात.

लहान रोपांना पश्चिम व नैर्ऋत्य बाजूंनी तुराट्यांचा आडोसा करावा, पूर्वेचे कोवळे ऊन मात्र मोकळे ठेवावे. तरुण झाडांच्या बुंध्याला दोन-तीन फूट उंचीपर्यंत चुना लावल्याने ऊन परावर्तित होऊन साल तडकत नाही. बुरशीचे भय असल्यास एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना वेगवेगळे भिजवून दहा लिटर पाण्यात एकत्र करावेत. भांडे मात्र लोखंडी नसावे.

काही गोष्टी टाळाव्यात. कडक उन्हाळ्यात रासायनिक खत देऊ नये, कारण ओल कमी असता क्षार मुळांना जाळतात. मोठी छाटणी करू नये. सावलीत वाढलेली साल उघडी पडून भाजते. डाळिंबाला पाण्याची आबाळ करून मग एकाएकी भरपूर पाणी देऊ नये. त्याने फळे तडकतात.

आणि पाने गळाली म्हणून झाड मेले असे समजू नये. सीताफळ, साग आणि पळस यांचे निष्पर्ण होणे हा त्यांचा विश्रामकाल आहे. नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवा ओलावा दिसला तर झाड जिवंत आहे. सुट्टीनंतर शाळेत आल्यावर वाळकी दिसणारी रोपे उपटून तेथे नवी लावण्याचा प्रघात आहे. त्याआधी ही नखाची परीक्षा अवश्य घ्यावी. मृगाच्या दोन सरी पडताच त्यांतील कित्येकांना बुंध्यापाशी पालवी फुटते.

झाड लावणाऱ्याचे नाव फलकावर येते. मे महिन्यात मडके भरणाऱ्याचे नाव कोठेही लिहिले जात नाही. परंतु पुढल्या पिढीला सावली मिळते ती त्याच्या कष्टांमुळे. यंदाच्या रोहिणी नक्षत्रापर्यंत आपल्या दारच्या एका तरी झाडाची काळजी प्रत्येक घराने वाहावी, एवढीच विनंती.