ओकच्या फळ्या आणि हातोड्याचा ठोका

अमेरिकेतल्या घरांत ओकच्या पाऊण इंची फळ्यांची जमीन आजही मानाची. तिचे खिळे मात्र दिसत नाहीत. फळीच्या कडेला पुढे आलेल्या जिभेतून ते 45 अंशांत तिरके खाली जातात आणि पुढची फळी बसली की झाकले जातात. हा कोन अचूक साधतो तो हाताने चालवायचा नेलर: कडेवर टेकवायचा आणि जड हातोड्याने ठोका द्यायचा.

नेलर घेताना पहिला प्रश्न रॅचेटचा, म्हणजे ठोक्याने खाली गेलेला दट्ट्या मागे येऊ न देणाऱ्या दातेरी यंत्रणेचा. ते असेल तर अर्धवट गेलेला खिळा दुसऱ्या-तिसऱ्या ठोक्यात पूर्ण बसतो. नसेल तर एकाच ठोक्यात काम व्हावे लागते, आणि शेकडो ठोक्यांनंतर खांदे भरून येतात. नवशिक्याने रॅचेटवालाच घ्यावा. ‘पॉवरनेल’ कंपनीचा मॉडेल 45 त्याच जातीचा.

मग खिळे. ओकसाठी सहसा 16 गेजचे, 2 इंची. ब्राझिलियन चेरीसारख्या कठीण लाकडाची जीभ चिरू नये म्हणून बारीक, 18 गेजचे (गेजचा आकडा मोठा, तितका खिळा बारीक). नेलर कोणत्या गेजचा आहे, हे आधी पाहावे.

हवेवर चालणारा नेलर वेगवान खरा, पण त्याला कॉम्प्रेसर लागतो. एका खोलीपुरता हाताचा पुरे. भिंतीलगतच्या शेवटच्या ओळींत मात्र तो मावत नाही. तिथल्यासाठी दुसऱ्या साधनाची सोय आधीच करून ठेवावी.