डेमो पाठवला, पण ऑडिशनचा फोन का येत नाही?

आज बोलूया व्हॉइसओव्हरच्या डेमोबद्दल. हेडफोन घरी राहिला असेल, तर आजचा एपिसोड इथे निवांत वाचा.

“तुझा आवाज काय भारी आहे, डबिंग का करत नाहीस?” हे तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. मग आपण डेमो बनवतो, दहा-वीस ठिकाणी पाठवतो आणि पुढे शांतता. आपल्याला वाटतं, आवाजातच दम नाही. पण बऱ्याचदा आवाज चांगला असतो, तो समोरच्यापर्यंत पोचतच नाही.

ऐकणारा कसा ऐकतो?

डेमो ऐकणाऱ्या माणसाकडे एक स्क्रिप्ट असते आणि ढीगभर फाइल्स. त्याला जगातला सर्वांत सुंदर आवाज नको असतो, त्याच्या स्क्रिप्टला बसणारा हवा असतो. बँकेच्या जाहिरातीसाठी विश्वासू, कार्टूनसाठी खट्याळ, ई-लर्निंगसाठी न थकवणारा. पहिल्या पाच-सात सेकंदांत काही सापडलं नाही, तर तो पुढच्या फाइलकडे जातो.

म्हणून सुरुवातीची लांबलचक धून आधी काढा. “नमस्कार, मी अमुक तमुक, मला लहानपणापासून आवाजाची आवड” हेही नको. नाव फाइलच्या नावात असतंच. डेमो थेट कामापासून सुरू करा.

६० सेकंदांचा हिशेब

साधारण ६० ते ९० सेकंद पुरे. त्यात १० ते १५ सेकंदांचे पाच तुकडे बसतात. सर्वांत दमदार तुकडा पहिला. “शेवटी धमाका” ठेवलात, तर शेवटापर्यंत कुणी पोचेलच असं नाही. लागोपाठचे दोन तुकडे वेगळे वाटायला हवेत: जोशाच्या जाहिरातीनंतर शांत माहितीपट, त्यानंतर गप्पा मारल्यासारखा ॲपचा व्हिडिओ.

शक्य असेल तर प्रकारानुसार वेगळे डेमो करा. जाहिरात, ई-लर्निंग, डबिंगमधली पात्रं, ऑडिओबुक. ऑडिओबुकवाल्याला १० सेकंदांच्या तुकड्यांचा उपयोग नाही. त्याला दोन-तीन मिनिटं सलग वाचन हवं, कारण श्रोता तुमच्यासोबत काही तास काढणार असतो.

गाजलेल्या जाहिरातींची कॉपी करू नका. ऐकणाऱ्याच्या कानात मूळ आवाज पक्का बसलेला असतो, तुलना तुमच्यावरच उलटते. शिवाय न केलेलं काम केल्यासारखं दिसतं. स्क्रिप्ट स्वतः लिहा. ३० सेकंदांत मराठीचे साधारण ६० ते ७० शब्द आरामात बसतात. जास्त कोंबलेत की घाई ऐकू येते.

वाचू नका, सांगा

समजा छत्रीच्या जाहिरातीची ओळ आहे: “आईनं डबा दिला, बाबांनी छत्री दिली. पाऊस मात्र कुणाला विचारून आला नाही.”

नवखा कलाकार प्रत्येक शब्दावर जोर देतो. ‘आईनं’ही महत्त्वाचं, ‘डबा’ही महत्त्वाचा. मग काहीच महत्त्वाचं राहत नाही. आता असं करून बघा. बसस्टॉपवर शेजारी उभ्या असलेल्या मित्राला सांगताय असं समजा. पहिलं वाक्य सहज जाऊ द्या. पूर्णविरामानंतर क्षणभर थांबा, आभाळाकडे बघा आणि मग ‘पाऊस मात्र’ म्हणा. आवाज तोच, पण आता चित्र दिसतं.

प्रत्येक तुकड्याआधी तीन प्रश्न विचारा: मी कोण? कुणाशी बोलतोय? आत्ताच का बोलतोय? उत्तरं ठरली की ‘आवाज लावायची’ गरज संपते.

मराठीची परीक्षा

मराठी डेमोत भाषा पटकन उघडी पडते. ‘चोर’मधला च आणि ‘चंद्र’मधला च वेगळा. ‘जागा’मधला ज आणि ‘जीवन’मधला ज वेगळा. ‘बाळ’चा ‘बाल’ आणि ‘पाणी’चं ‘पानी’ झालं, तर प्रमाण मराठीच्या कामातून नाव कटू शकतं. आकड्यांचाही सराव करा. ‘२.५ लाख’ दिसलं की तोंडून ‘अडीच लाख’ यायला हवं.

पण तुमची बोली लपवू नका! वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी घरची असेल, तर तिचा एक वेगळा तुकडा ठेवा. डबिंगला आणि ग्रामीण जाहिरातींना खरी बोली लागते. घरची नसेल, तर मात्र उसनी आणू नका.

घरचा स्टुडिओ

महागड्या माइकआधी खोली सुधारा. रिकाम्या भिंतींवरून आवाज परत येतो आणि रेकॉर्डिंग बाथरूमसारखं वाटतं. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करा, पाठीमागे गोधडी टांगा. पंखा, फ्रिज बंद. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संपल्या की सुरू करा. फोन फ्लाइट मोडवर.

माइक तोंडापासून साधारण एक वीत, थोडा बाजूला. प, फ, ब, भ उच्चारताना हवेचा झोत थेट माइकवर आदळत नाही. शक्य असेल तर वेव फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करा. लक्ष्य म्हणून ऑडिओबुकसाठीचे एसीएक्सचे निकष बघा: सर्वांत मोठा आवाज उणे ३ डेसिबलच्या वर नको आणि शांततेतला खोलीचा आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली हवा. तपासायला ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. नॉइज रिडक्शन मात्र जपून. जास्त झालं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो.

डेमो म्हणजे शब्द देणं

हा आजचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. भाड्याच्या स्टुडिओत, दुसऱ्याच्या मार्गदर्शनाखाली, चाळीस टेक घेऊन डेमो केला. ऑडिशनला मात्र घरून, दोन टेकमध्ये पाठवायचंय. दोन्ही फाइल्स वेगळ्याच माणसाच्या वाटल्या, तर विश्वास तिथेच जातो. म्हणून तीन-चार टेकमध्ये पुन्हा करता येईल तेच डेमोत ठेवा. पाच वेगळे आवाज काढता येत नसतील, तर दोनच पक्के ठेवा. वय, मूड आणि वेग बदलूनही विविधता दिसते.

पाठवताना

व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका, आवाज दबतो. एमपी३ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फाइलचं नाव ‘फायनल नवीन २’ नको. तुमचं नाव, भाषा आणि प्रकार लिहा. सोबत दोन ओळींचा मेसेज: कुठल्या भाषा येतात, घरी रेकॉर्डिंगची सोय आहे का.

आणि जपून. काम द्यायच्या आधी ‘रजिस्ट्रेशन फी’ मागणाऱ्यांपासून लांब राहा. ऑडिशनच्या नावाखाली अख्खी स्क्रिप्ट वाचून मागितली, तर “नमुना म्हणून काही ओळी पाठवतो” असं नम्रपणे सांगा. करारात आवाज कुठे, किती काळ वापरणार आणि त्यावरून एआय आवाज बनवणार का, हे सही करायच्या आधी विचारा. आवाज हेच तुमचं भांडवल आहे, ते फुकटात गहाण पडायला नको.

आजचा गृहपाठ: तुमचा सध्याचा डेमो आवाजाशी काही देणंघेणं नसलेल्या कुणाला तरी फोनच्या स्पीकरवर ऐकवा. दहाव्या सेकंदाला थांबवा आणि विचारा, “हा माणूस कुणाशी, काय बोलत होता?” उत्तर लगेच आलं, तर तो डेमो पाठवा. समोरचा नुसतं “आवाज छान आहे” म्हणाला, तर पहिला तुकडा बदला आणि पुन्हा विचारा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर भरपूर पाणी प्या आणि घसा सांभाळा!