आधी पुढच्या चौकाला सांगा

अनंत चतुर्दशीच्या रात्री जिल्हा पोलीस नियंत्रण कक्षात मिरवणूक तुकड्यातुकड्यांनी येते. रस्त्यावर कुणी वायरलेसचं बटण दाबलं की ढोल-ताशा खोलीत घुसतो, बटण सुटलं की एकदम शांत. मधल्या चार-सहा सेकंदांत त्या गोंगाटातून नेमके शब्द वेचायचे, कोण बोललं ते ओळखायचं आणि वेळ टाकून लॉगबुकात उतरवायचं. हे काम करणाऱ्या महिला हवालदारांच्या शेजारी मी बसलो होतो. हात लिहीत होता आणि डोळे भिंतीवरच्या सीसीटीव्हीच्या पडद्यांवर होते. एकीकडे ११२ वरचे कॉलही चालूच होते. कुणाचं मूल हरवलं होतं, कुठे दारूवरून मारामारी जुंपली होती. विसर्जन आहे म्हणून बाकीचं शहर थांबत नाही.

बंदोबस्त म्हटला की आपल्याला काठी, शिट्टी आणि बॅरिकेड आठवतं. त्यामागे एक स्कीम असते. मार्गाचे सेक्टर पाडलेले असतात, प्रत्येक सेक्टरला एक अधिकारी, त्याच्या हाताखाली फिक्स पॉइंट, त्यावर पोलीस आणि होमगार्ड. राखीव दलाची तुकडी आणि स्ट्रायकिंग फोर्स कुठे उभी राहणार, हेही कागदावर ठरलेलं. चौकात काय करायचं हे चौकातल्या अधिकाऱ्यालाच कळतं, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. कायद्यानेही तेच मानलं आहे. बेकायदा जमाव पांगवण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो, ठाण्याचा प्रभारी देऊ शकतो आणि प्रभारी हजर नसेल तर उपनिरीक्षकही देऊ शकतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२९व्या कलमात होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४८व्या कलमात आहे.

मग नियंत्रण कक्ष कशासाठी? अकराच्या सुमारास ते समोरच बघायला मिळालं. एका सेक्टरचे अधिकारी सेटवर आले. बोळातलं मंडळ केव्हापासून थांबलंय, पोरं चिडलीत, मुख्य रस्त्यावर सोडू का? मागणी रास्त होती. पडद्यावर त्यांच्या चौकात जागाही दिसत होती. कक्षाचे निरीक्षक लगेच ‘हो’ म्हणाले नाहीत. त्यांनी पुढच्या चौकाला विचारलं, “तुमच्याकडे जागा किती?” उत्तर आलं, “सर, ट्रॉलीचं चाक अडकलंय. पाय ठेवायला जागा नाही.” मग घाटाला विचारलं. तिथे क्रेनला मोठी मूर्ती लागलेली.

“थांबा. अध्यक्षांना पुढे घ्या, त्यांच्याशी बोलत राहा. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही.”

“सांगेपर्यंत सोडत नाही, सर.”

क्रेन मोकळी झाली, ट्रॉली हलली. तेव्हा पहिला निरोप बोळाला गेला नाही. तो पुढच्या चौकाला गेला: मंडळ सोडतोय, उजवी बाजू मोकळी करा. तिकडून “उजवी बाजू मोकळी केली” असं शब्दाला शब्द ऐकू आल्यावरच बोळाला परवानगी मिळाली. हवालदार मॅडमनी दोन्ही नोंदी एकाखाली एक लिहिल्या. माझ्या मते त्या रात्रीचं सगळं कसब या दोन निरोपांच्या क्रमात होतं. हुकूम ज्याला दिला तो माणूस महत्त्वाचा खराच, पण त्या हुकमाचा लोंढा ज्याच्या अंगावर जाणार, त्याला तो आधी कळायला हवा.

हा क्रम चुकला की काय होतं, ते इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर जगाने पाहिलं. १५ एप्रिल १९८९, लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा फुटबॉलचा उपांत्य सामना. बाहेर फिरत्या फाटकांपाशी इतकी चेंगराचेंगरी होती की तिथले पोलीस अधिकारी वायरलेसवरून पुन्हा पुन्हा मोठं फाटक उघडायला सांगत होते. बाहेर माणसं मरतील, ही त्यांची भीती खरी होती. बंदोबस्ताचे प्रमुख डेव्हिड डकनफिल्ड त्या जबाबदारीवर नवे होते. २ वाजून ५२ मिनिटांनी त्यांच्या परवानगीने ‘सी’ फाटक उघडलं. समोरच एक बोगदा होता आणि तो थेट मधल्या, आधीच खच्चून भरलेल्या, प्रेक्षकांच्या बंदिस्त कठड्यांत जात होता. बोगद्याचं तोंड बंद करा, लोकांना बाजूच्या कठड्यांकडे वळवा, असा निरोप आतल्या पोलिसांना गेलाच नाही. नियंत्रण खोलीच्या खिडकीतून ते कठडे दिसत होते. त्या दुपारच्या चेंगराचेंगरीचे बळी ठरले ९७ जण.

निरोप वेळेत पुढे पोचला की काय साधतं, हेही आपल्याला ठाऊक आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेक्यांनी पळवलेल्या पोलीस गाडीत मागे जखमी पडलेले पोलीस कर्मचारी अरुण जाधव वायरलेसपर्यंत पोचले आणि त्यांनी कंट्रोलला खबर दिली. अतिरेकी स्कोडा गाडीतून निघाल्याचा निरोप गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर गाडीच्या आधी पोचला. म्हणूनच तुकाराम ओंबळे आणि त्यांचे सहकारी तिथे तयारीत होते. ओंबळे यांनी प्राण दिला आणि कसाब जिवंत हाती लागला.

ब्रिटिश पोलिसांनी हुकमाच्या तीन पायऱ्या केल्या आहेत: गोल्ड, सिल्व्हर आणि ब्राँझ. लंडनच्या ब्रॉडवॉटर फार्ममध्ये १९८५ साली झालेल्या दंगलीनंतर ही पद्धत आली. काय साधायचं ते गोल्ड ठरवतो, कसं साधायचं ते सिल्व्हर आणि प्रत्यक्ष करतो ब्राँझ. तिथे हुद्द्यापेक्षा त्या दिवसाचं काम मोठं. आपल्याकडे हुद्दा मोठा, आणि खरी अडचण तिथेच येते. विसर्जनाच्या त्याच रात्री एक वरिष्ठ चौकात पोचले आणि मोबाइलवरून सूचना देऊ लागले. काही मिनिटं सेटवर एक हुकूम आणि रस्त्यावर दुसरा. निरीक्षकांनी अदबीने, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “सर, सेक्टर आपण घेताय की सेक्टर अधिकाऱ्यांकडेच ठेवू?” वरिष्ठांनी समजूतदारपणे सेक्टर अधिकाऱ्यांकडेच ठेवलं. लॉगबुकात तशी नोंद पडली.

हा प्रश्न विचारायला त्या निरीक्षकांना धीर लागला, आणि तो लागू नये असं मला मनापासून वाटतं. वरिष्ठ घटनास्थळी आल्यावर सूत्रं त्यांच्याकडे आपोआप जातात की त्यांनी तसं सेटवर जाहीर करायचं, हे बंदोबस्त स्कीममध्येच छापलेलं असावं. मोबाइलवर दिलेला हुकूम एकाच कानात जातो, लॉगबुकात येत नाही आणि पुढच्या चौकातल्या होमगार्डला तर तो गर्दी अंगावर आल्यावरच कळतो.