शेंडा उभा चिरायचा

अपेंडिक्स काढलं की विषय संपला, असं आपण धरून चालतो. भाच्याच्या ऑपरेशननंतर सिस्टरांनी फॉर्मेलिनमध्ये बुडवलेल्या करंगळीएवढ्या तुकड्याची डबी हातात ठेवली. "लॅबला नेऊन द्या, बायोप्सीला." दुखणारा अवयवच गेला, आता कसली बायोप्सी? लॅबच्या मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, "या, बघाच."

आत फॉर्मेलिनने डोळे चुरचुरतात. मॅडमनी डबीवरचं नाव फॉर्मशी दोनदा ताडलं. लांबी ७ सेंटिमीटर. एरवी चकचकीत असणारं वरचं आवरण निस्तेज, त्यावर पुवाचा पिवळट थर. मधल्या भागाच्या चकत्या भराभर पडल्या. एकीत विष्ठेचा वाळून घट्ट झालेला खडा. शेंड्याशी सुरी थबकली. हा आडवा कापायचा नाही, उभा चिरायचा. कार्सिनॉइडची, म्हणजे एका प्रकारच्या ट्यूमरची, गाठ बहुतेक वेळा इथेच असते, पुष्कळदा जेमतेम काही मिलिमीटरची.

"किती जणांत सापडते?"

"शंभरात एकसुद्धा नाही."

बुडख्याची चकती त्यांनी वेगळी ठेवली. गाठ निघालीच, तर ती कापलेल्या कडेपर्यंत पोचली होती का, हे तिच्यावरून कळतं.

पुढे रात्रभर अल्कोहोल, झायलीन, मेण. मग मायक्रोटोमवर ३-४ मायक्रॉनचे काप आणि गुलाबी-जांभळा रंग. सूक्ष्मदर्शकाखाली मॅडम स्नायूचा थर शोधतात. तिथे न्यूट्रोफिल पेशी घुसलेल्या दिसल्या की अपेंडिसायटिसचं, म्हणजे अपेंडिक्सच्या दाहाचं, निदान पक्कं. कधी आतड्यातले जंत निघतात, कधी क्षयाच्या गाठी. कधी अपेंडिक्स अगदी निरोगी असतं. तो रिपोर्ट सर्जनना फारसा आवडत नसावा. 'अपेंडिसायटिस' हे नाव १८८६ मध्ये रूढ केलं तेही बॉस्टनच्या एका पॅथॉलॉजिस्टने, रेजिनाल्ड फिट्झ यांनी. ऑपरेशन वेळेत करा, हा आग्रहही त्यांचाच.

"शंभरात एकसुद्धा नाही म्हटलं की लोकांना तपासणीचे पैसे जड वाटतात," मॅडम म्हणाल्या. मला मात्र ते पैसे रास्त वाटले. गाठ १ सेंटिमीटरच्या आत असेल आणि कड मोकळी असेल, तर झालेलं ऑपरेशन बहुधा पुरतं. २ सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर उजवीकडचं मोठं आतडं काढण्याची वेळ येते. हे ठरणार कशावर? या कापांवरच.

पुढच्या डबीवर नाव होतं, फॉर्मवर वय नव्हतं. मॅडमनी हातमोजे उतरवून वॉर्डला फोन लावला आणि पलीकडच्या माणसाला चांगलंच झापलं.