वंशदोष की जलदोष?

केळापूर, वणी, झरी-जामणी या तालुक्यांत चिकित्सा करणाऱ्या व्यवसायबंधूंना हे चित्र परिचित आहे. बाप, मुलगा व मुलगी यांच्या दातांवर सारखेच पिवळट-तपकिरी आडवे पट्टे. आजोबांचा कणा ताठ, मान वळत नाही. घरची मंडळी म्हणतात, ‘हे आमच्या घराण्यातच आहे’, आणि केसपेपरवर ‘कुलज’ अशी नोंद होते. पुढे मुलीच्या विवाहात हाच शिक्का आडवा येतो.

आनुवंशिक विकारासारखेच लक्षण परिस्थितीमुळे उत्पन्न झाले, तर त्यास ‘फिनोकॉपी’ म्हणतात. ही संज्ञा जर्मन आनुवंशशास्त्रज्ञ रिचर्ड गोल्डश्मिट यांनी १९३५ मध्ये योजिली. सुश्रुतांनी शुक्र-शोणिताच्या दोषाने होणारे आदिबलप्रवृत्त व्याधी वेगळे गणले आहेत, तर चरकांनी जनपदोद्ध्वंसाच्या विवेचनात वायू, उदक, देश व काल हे सर्वांस समान असणारे हेतू सांगितले आहेत. आपल्या जिल्ह्यातील फ्लोरोसिसचा हेतू उदक हा आहे.

येथील अनेक गावांच्या, विशेषतः विंधन विहिरींच्या, पाण्यात खडकातून विरघळलेले फ्लोराइड अधिक आढळते. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा असून, अन्य स्रोत नसल्यास १.५ पर्यंत मुभा आहे. कायमच्या दातांचे कवच घडत असताना, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, असे पाणी पोटात गेले की दातांवर डाग येतात. दीर्घकाळ अधिक मात्रा गेल्यास अस्थी व स्नायुबंध कठीण होतात. एकाच विहिरीचे पाणी पिणाऱ्या कुटुंबात हा विकार वंशपरंपरेने आल्यासारखा भासतो.

निदानासाठी आम्ही तीन प्रश्न सुचवितो. रक्ताचा संबंध नसलेल्या शेजाऱ्यांच्या मुलांचे दात कसे आहेत? बालपण अन्यत्र घालवून आलेल्या सुनेचे दात स्वच्छ आहेत काय? दुधाचे दातही तितकेच बिघडलेले आहेत काय? दंतकवचाच्या आनुवंशिक विकारात दुधाचे दात सहसा सुटत नाहीत. फ्लोरोसिसमध्ये ते बहुधा कमी बाधित असतात. शंका राहिल्यास पाण्याची व मूत्राची फ्लोराइड तपासणी करवावी आणि अग्रबाहूचा एक्स-रे काढावा.

एक बाब विशेषतः औषधी निर्मात्यांनी ध्यानी घ्यावी. उकळल्याने जंतू मरतात, परंतु फ्लोराइड उडून जात नाही. पाणी आटते आणि त्याची तीव्रता वाढते. लिटरमागे २ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले पाणी चतुर्थांश आटविल्यास हिशेबाने ते प्रमाण ८ पर्यंत जाते. म्हणून अशा गावांत उष्णोदक वा काढा सुचविताना आणि फार्मसीत क्वाथ सिद्ध करताना पाण्याचा स्रोत आधी तपासावा. या रुग्णांस काळे मीठ व काळा चहा वर्ज्य सांगावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शाळकरी मुलांवरील अभ्यासात चिंचेच्या सेवनाने मूत्रावाटे फ्लोराइडचे उत्सर्जन वाढल्याचे दिसले. तथापि चिंच हा शुद्ध पाण्याला पर्याय नव्हे.

उमटलेले डाग व ताठरलेला कणा पूर्ववत होत नाहीत. मात्र निदानपरिवर्जन हीच प्रथम चिकित्सा असल्याने, पाणी बदलले की घरातील पुढील अपत्य वाचते. ‘कुलज’ अशी नोंद झाली, तर पाणी बदलण्याचा विचारच कोणी करत नाही. म्हणून कुळाचा इतिहास विचारण्याआधी विहिरीचा विचारावा, अशी आमची सर्व वैद्यबंधूंस विनंती आहे.