गोष्टीतला घोडा आणि लढाईतला घोडा

साहसकथा वाचण्याची गोडी ज्यांना लागली आहे, त्यांना घोड्याची ओळख करून द्यावयास नको. अंधारी रात्र, मुसळधार पाऊस, पाठीमागे शत्रू आणि पुढे दुथडी भरून वाहणारी नदी! अशा प्रसंगी नायक लगाम सैल सोडतो, घोड्याला टाच मारतो, आणि आपण पान उलटतो न उलटतो तोच घोडा पैलतीरावर पोचलेला असतो. १५७६ साली हळदीघाटच्या लढाईत जखमी होऊनही राणा प्रतापाला सुखरूप बाहेर काढणाऱ्या चेतकाची कथा तुम्ही ऐकली असेल. गौतमाला मध्यरात्री कपिलवस्तूच्या बाहेर नेणारा कंथक, लव-कुशांनी अडविलेला अश्वमेधाचा वारू, अरबी कथांतील आकाशात उडणारा लाकडी घोडा हेही आपल्या परिचयाचे आहेत.

या सर्व घोड्यांविषयी एक गोष्ट कधी तुमच्या ध्यानात आली आहे काय? ते क्वचितच काही खाताना दिसतात. लाकडी घोड्याला भूक नसावी हे ठीक आहे. पण बाकीच्यांचे काय? बिचाऱ्या लेखकाचाही नाइलाज असतो. शत्रू अगदी पाठीशी आला असताना नायक घोड्याच्या तोंडाला चंदीचा तोबरा बांधीत बसला, तर गोष्ट तेथेच थांबावयाची. आपल्या भाषेला मात्र घोड्याच्या पोटाची पक्की आठवण आहे. एखादे काम नेमके कोठे अडले हे शोधताना आपण विचारतो, ‘घोडे कोठे पेंड खाते?’

लढायांचा इतिहास वाचतानाही हाच प्रश्न विचारून पाहावा. उत्तरे मोठी बोधक मिळतात.

घोडा हा गाईबैलांसारखा रवंथ करणारा प्राणी नव्हे. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते. एकदाच पोटभर खाऊन दिवसभर धावणे त्याला जमत नाही. त्याला थोडे थोडे आणि पुन्हा पुन्हा खावे लागते. नुसत्या वाळल्या गवतावर तो जगेल, पण मजल दरमजल करीत स्वार वाहून नेणार नाही. त्यासाठी हरभरा, जव यांसारखे धान्य हवे. घोड्याच्या या दाण्यालाच चंदी म्हणतात. श्रमाच्या दिवसांत मध्यम आकाराच्या घोड्याला चारा आणि चंदी मिळून आठदहा किलो खाणे लागते, आणि पाणी पंचवीस-तीस लिटर तरी. आता दहा हजार घोड्यांचे दळ डोळ्यांपुढे आणा आणि हिशेब करा. प्रत्येकी आठ किलो धरले तरी रोजचे ऐंशी हजार किलो, म्हणजे ऐंशी टन! पुन्हा दुसऱ्या दिवशी तितकेच. हे ऐंशी टन कोठून येतात? ते कोणाच्या तरी शेतातून येतात.

हे गणित ज्यांनी नीट ओळखले होते, त्यांत शिवाजी महाराजांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, आणि ज्याला सरकारी पागेतून घोडा मिळे तो बारगीर. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पाच हवालदारांवर एक जुमलेदार, अशी चढती रचना होती. सभासदाच्या बखरीवरून असे समजते की, पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. पखालजी पाणी पुरवी, नालबंद घोड्यांच्या खुरांना नाल ठोकी. लढाईच्या चित्रात हे दोघे कोठेही दिसत नाहीत. पण ते नसते तर चित्रातला घोडाही उभा राहिला नसता.

पावसाळ्यात फौज छावणीत परत येई. त्या चार महिन्यांसाठी गवत, दाणा आणि घोड्यांची औषधेही अगोदर साठवून ठेवलेली असत. १६७३-७४ च्या सुमारास घोडदळाचा असाच एक तळ चिपळूणच्या परिसरात पडला होता. तेथील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना महाराजांनी लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. राजाचे पत्र म्हटले की त्यात तलवार आणि तोफा असाव्यात असे आपल्याला वाटते. या पत्रात आहे गवत, दाणा आणि दिव्याची वात!

पत्राचा आशय असा : पावसाळ्यापुरती जमविलेली वैरण आताच मनाला येईल तशी उधळाल, तर पुढे ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही गावात शिराल. कोणी कुणब्याचा दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. तसे झाले म्हणजे जे कुणबी कसेबसे घर धरून राहिले आहेत तेही निघून जातील, आणि मोगलांपेक्षा तुम्हीच अधिक वाईट असे त्यांना वाटेल. त्यापुढे विस्तवाविषयी ताकीद आहे. स्वयंपाकाच्या चुली, चिलमीचा अंगार, गवताजवळ ठेवलेला दिवा यांना जपा. रात्री उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल आणि सारी छावणी भस्म होईल. हजारो घोडेस्वारांचा स्वामी एका उंदराची काळजी वाहतो, हे मला या पत्रातले सर्वांत मोठे शौर्य वाटते. भुकेला घोडा आणि लुटलेला शेतकरी यांच्यात अंतर फार थोडे असते, हे त्याने जाणले होते.

पुढे स्वराज्याचा विस्तार झाला आणि घोडदळ दूरदूर जाऊ लागले. बाजीराव पेशवे घोड्यावर बसल्याबसल्या हातावर कणसे चोळून दाणे खात, अशी आख्यायिका सांगतात. १७२८ साली पालखेड येथे त्यांनी निजामाला कोंडीत पकडले, ते अशाच वेगाच्या बळावर. निजामाच्या जड तोफा मागे रेंगाळल्या, मराठ्यांचे हलके घोडदळ पुढे गेले, आणि अन्नपाणी तुटल्यामुळे निजामाला तह करावा लागला. वेग अद्भुत खरा. पण ज्याच्यामागे चंदीच्या गाड्या नाहीत असे दळ वाटेतल्या मुलखावर जगते. बाजीरावांच्या हातातली ती कणसे कोणाच्या शेतातली होती, हे आख्यायिका सांगत नाही.

नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना भंडारा शहराच्या अलीकडे, महामार्गाजवळ, जवाहरनगर लागते. १९६० नंतरच्या दशकात तेथे आयुध निर्माणी उभी राहिली आणि सैन्यासाठी लागणारी स्फोटके तेथे तयार होऊ लागली. रणभूमीपासून शेकडो किलोमीटर दूर बसलेली माणसे लढाईचा पुरवठा कसा करतात, हे तेथील मुलांना निराळे सांगावयास नको. आता कल्पना करा की अशी कोणतीही निर्माणी नाही, आगगाडी नाही, पक्का रस्ता नाही, आणि नागपूरकर भोसल्यांचे घोडदळ याच पूर्व दिशेने बंगालकडे निघाले आहे.

१७४२ साली रघूजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर यांनी बंगालवर स्वारी केली. नागपूरपासून वर्धमान नऊशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. इतक्या दूरवर चंदीच्या गोणी कोण नेणार? घोडी चरली ती बंगालच्या भातशेतांत, आणि स्वार जगले ते तेथल्या गावांवर. चौथाईसाठी गावे लुटली गेली, घरे जाळली गेली, लोक पोराबाळांसह नदीपार पळून गेले. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात ‘महाराष्ट्र पुराण’ या काव्यात ती वाताहत वर्णिली आहे. कलकत्त्यातल्या इंग्रजांनी भीतीने नगराभोवती खंदक खणावयास घेतला. तो ‘मराठा खंदक’ म्हणून ओळखला गेला. १७४४ मध्ये नबाब अलीवर्दीखानाने बोलणी करण्याच्या मिषाने भास्कररामांना बोलावून ठार मारविले. तरीही स्वाऱ्या चालूच राहिल्या, आणि १७५१ च्या तहानंतर त्या थांबल्या.

परंतु एक गोष्ट मागे राहिली. ‘बारगीर’ या आपल्या शब्दाचे बंगालीत ‘बर्गी’ झाले. बंगाली आया लेकराला निजविताना जे अंगाईगीत म्हणतात, त्यात हा बर्गी आहे. बाळ निजले, सारे शांत झाले, आणि देशात बर्गी आले; पाखरांनी धान खाऊन टाकले, आता त्यांना द्यावे काय, असा त्या आईचा प्रश्न आहे. आपल्या गोष्टींत घोड्यांच्या टापा ऐकू आल्या की आपले मन उचंबळून येते. त्याच टापा बंगालमधल्या मुलाने डोक्यावर पांघरूण ओढून ऐकल्या. चिपळूणच्या पत्रात वर्तविलेला धोका सुमारे सत्तर वर्षांनी दुसऱ्यांच्या शेतात खरा झाला होता.

आणि पुढे काही वर्षांनी तो आपल्यावरच उलटला. १७६० च्या हिवाळ्यात पानिपतावर मराठ्यांचा तळ अडीच महिने अडकून पडला. रसद गोळा करणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, वाटा बंद झाल्या. माणसांना अन्न मिळेना, तेथे जनावरांना वैरण कोण देणार? घोडी खंगली आणि मेली. १४ जानेवारी १७६१ रोजी जे स्वार रणात उतरले, त्यांच्यातल्या अनेकांच्या मांडीखाली उपासमारीने थकलेली जनावरे होती. त्या दिवशीच्या पराजयाची कारणे अनेक आहेत; पण त्यांतले एक मोठे कारण रिकाम्या तोबऱ्यांत सापडते.

रेल्वे आणि आगबोटी आल्या तेव्हा वैरणीचा प्रश्न सुटला असेल, असे कोणालाही वाटेल. तो सुटला नाही, वाढला. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात ब्रिटिशांनी फ्रान्समधील आपल्या सैन्याकडे सुमारे साडेबावन्न लाख टन दारूगोळा पाठविला. घोड्याखेचरांसाठी पाठविलेले गवत आणि ओट हे धान्य मात्र सुमारे चौपन्न लाख टन भरले. दारूगोळ्यापेक्षा चंदीचे वजन अधिक! त्या युद्धात आपल्याकडील ‘पूना हॉर्स’ आणि ‘डेक्कन हॉर्स’ ही घोडदळेही फ्रान्सला गेली होती. १४ जुलै १९१६ रोजी डेक्कन हॉर्सच्या स्वारांनी भाले सरसावून एक चढाईही केली. पण काटेरी तारा आणि मशिनगन यांच्यापुढे घोड्याचा इलाज चालत नाही. त्यांचे बहुतेक दिवस वाट पाहण्यात आणि घोडी सोडून खंदकात उतरण्यात गेले.

लढाईकडे घोड्याच्या बाजूने पाहणारी मुलांची पुस्तके थोडी आहेत. अ‍ॅना स्यूएल या इंग्रज लेखिकेच्या ‘ब्लॅक ब्यूटी’ (१८७७) या कादंबरीत घोडाच आपली कहाणी सांगतो. त्यात कॅप्टन नावाचा एक म्हातारा घोडा आहे. तो क्रिमियाच्या युद्धातून परत आलेला आणि आता लंडनमध्ये भाड्याची गाडी ओढणारा. पाठीवरचा स्वार पडल्यावर आपल्याला काय वाटले, हे तो सांगतो. मात्र लढाई कशासाठी झाली, हे त्याला ठाऊक नाही. मायकेल मॉर्पर्गो यांच्या ‘वॉर हॉर्स’ (१९८२) मधला जोई हा शेतावरचा घोडा १९१४ साली सैन्याला विकला जातो, आणि कधी इंग्रजांची, कधी जर्मनांची ओझी ओढतो. जो चारा घालील आणि पाठीवरून हात फिरवील तो आपला, एवढेच त्याला समजते.

पुढे घोडदळांतील घोडे गेले, नावे राहिली. १८१७ साली उभारलेल्या पूना हॉर्सचे स्वार १९६५ च्या युद्धात रणगाड्यांत बसून लढले, आणि त्यांचे सेनानी लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथील रणगाड्यांच्या संग्रहालयाच्या नावातही ‘कॅव्हलरी’ म्हणजे घोडदळ हा शब्द आहे. गोष्टींतही बदल झाला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे संकटात सापडतो तेव्हा सायकलवर टांग मारतो. तिला चंदी लागत नाही. फार तर चाकात हवा भरावी लागते.

तरीही मराठ्यांच्या त्या घोड्यांचे वंशज पाहावयाचे असतील, तर पुस्तकाबाहेर जावे लागेल. भीमेच्या खोऱ्यात वाढलेल्या ठेंगण्या, काटक घोड्याला भीमथडी म्हणतात. अलीकडे राष्ट्रीय पातळीवर त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. हा घोडा आज धनगरांच्या वाड्यांबरोबर चालतो. दिवाळीनंतर मेंढरांचे कळप घाट उतरून कोकणाकडे निघतात, तेव्हा त्याच्या पाठीवर भांडीकुंडी, घोंगड्या, नुकती जन्मलेली कोकरे आणि कधी एखादे झोपाळू मूल असते. वाटेत शेतकरीच धनगरांना बोलावून कळप आपल्या रानात बसवितात, कारण लेंडीखताने जमिनीचा कस वाढतो. त्याबद्दल ते धनगरांना धान्य किंवा पैसे देतात. रात्री मेंढरे बसली म्हणजे भीमथडीला सैल दाव्याने बांधतात, आणि तो कापणी झालेल्या शेतातली धसकटे सावकाश खात उभा राहतो.